वेगळी वाटी

सणाच्या पंगतीत एखादं पान असं असतं की तिथं वाढणाऱ्याचा हात थबकतो. पुरणपोळ्यांचं ताट घेऊन आलेली सून पानावर बसलेल्या माणसाकडं बघते, माणूस खाली बघतो, आणि आत हाक जाते, "अगं, त्यांची वेगळी वाटी आण." वाटी येते. लहान, स्टीलची, वर झाकणी. आत बहुतेक वेळा बिनगुळाची घोटलेली डाळ असते, नाहीतर फिक्या दुधातल्या शेवया. बाकीचे पोळीवर तूप ओतून घेत असतात. मधुमेह असलेल्या माणसासाठी सणाचं गोड कसं करायचं, याचा विचार मी लग्न होऊन या घरात आल्यापासून करते आहे. त्यातून माझं मत पक्कं झालं आहे ते हे, की ती वेगळी वाटी बंद व्हायला हवी. गोड सगळ्यांचं एकच हवं, एकाच पातेल्यातलं. आणि ते पातेलंच असं शिजवायला हवं की ज्याला शुगर आहे त्यालाही त्यातलं थोडं उजळ माथ्यानं खाता यावं.

माझ्या सासऱ्यांना, आबांना, पन्नाशीत शुगर निघाली. डॉक्टरांनी सांगितलं बरंच असेल, पण घरानं त्यातून 'गोड बंद' एवढंच उचललं. सासूबाई मायेनंच त्यांची डाळ वेगळी काढायच्या, पुरणात गूळ पडायच्या आधी. आबा ती वाटी औषध घेतल्यासारखी संपवायचे आणि उठायचे. मग दुपारी सगळे आडवे झाले की स्वयंपाकघरात जाऊन फडक्याखालची एक पोळी उभ्या उभ्या खायचे. कोरडी, तुपाशिवाय, दाराकडं बघत. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि कुणी बोलत नसे. पंगतीत बसून, भाज्यांबरोबर, तूप घालून खाल्लेली अर्धी पोळी त्या चोरट्या अख्ख्या पोळीपेक्षा त्यांना नक्की जास्त सोसली असती. ते आता नाहीत. पण गौरी-गणपतीचा स्वयंपाक करायला बसले की आजही मला सगळ्यात आधी त्यांचं ते दाराकडं बघणं आठवतं.

'सगळं बंद' या भीतीला मोठा इतिहास आहे. इन्सुलिन हाती येण्याआधी मधुमेहावर जवळजवळ एकच उपचार होता, तो म्हणजे उपासमार. रोग्याला इतकं कमी खायला द्यायचं की तो जेमतेम जिवंत राहील. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोच्या रुग्णालयात लेनर्ड थॉम्प्सन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं आणि ते दिवस सरले. तरी पथ्याच्या कागदांवर साखरेची बंदी पुढं कित्येक दशकं तशीच राहिली. अमेरिकन डायबेटिस असोसिएशननं १९९४ साली आपल्या आहारविषयक सूचनांत स्पष्ट म्हटलं की साखर अजिबात वर्ज्य करण्याला शास्त्राचा तसा आधार नाही. जेवणात एकूण कर्बोदकं किती गेली हे जास्त महत्त्वाचं. आपल्या घरांपर्यंत ही गोष्ट अजून नीट पोचलेली नाही. म्हणून गोडाला हात न लावणारा माणूस पंगतीत तीनदा भात घेतो आणि आपण पथ्य पाळलं या समाधानानं उठतो.

आमचं घर कोल्हापूर जिल्ह्यातलं, उसाच्या पट्ट्यातलं. इथं गोड म्हणजे गूळ. आत्यांच्या, म्हणजे आबांच्या थोरल्या बहिणीच्या, लहानपणी मळ्यात घरचं गुऱ्हाळ होतं. काहिलीत रस उकळायचा, रानभेंडीच्या चिकानं मळी वर यायची, ती झाऱ्यानं काढत राहायची. गुळव्या पाण्यात थेंब टाकून गोळी बघायचा आणि त्याच्या नुसत्या मानेच्या इशाऱ्यावर काहील उतरायची. आत्या हे सांगायला लागल्या की हातातली कामं थांबतात. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्या माणसांना त्या कागदाची गरज नव्हती. दारात आलेल्याला आधी गूळ-पाणी, बाळंतिणीला गूळ, बी पेरायला निघालेल्याच्या हातावर गूळ.

त्यामुळंच एक समजूत इथं फार खोल रुजली आहे, की साखर वाईट, गूळ चालतो. "साखर सोडली मी, आता गुळाचाच चहा," असं अभिमानानं सांगणारी माणसं प्रत्येक गल्लीत आहेत. मी गुळाच्या गावची सून आहे, गुळावर माझं प्रेम आहे, आणि म्हणूनच हे बोलायला हवं. गूळ म्हणजे मुख्यतः तेच सुक्रोज, जे साखरेत असतं. सोबत थोडं पाणी, थोडं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, थोडी खनिजं. त्या खनिजांनी रंग येतो, चव येते, पण रक्तातली साखर चढायची ती चढतेच. मधाचंही तेच. खजुराच्या लाडवांवर हल्ली 'शुगर-फ्री' लिहिलेलं असतं, आणि खजुराच्या निम्म्याहून जास्त वजन साखरेचंच असतं. वरून साखर घातली नाही, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. ज्याचा जीव त्या शब्दावर विसंबून आहे त्याला हे कुणी सांगत नाही, याचा मला राग येतो.

म्हणजे गूळ बदलून काही होणार नव्हतं. गूळ कमीच करायला हवा होता, आणि तोही सगळ्यांसाठी. घरातल्या तरुणांना वाटायचं, आम्हाला कशाला शिक्षा? त्यांना मी एक आकडा सांगते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाठबळानं झालेला देशभराचा मोठा अभ्यास २०२३ साली 'लॅन्सेट'च्या मधुमेहविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणं देशात सुमारे १० कोटी १० लाख माणसांना मधुमेह आहे, म्हणजे प्रौढांपैकी ११.४ टक्के. आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावर आहेत. शेजारच्या गोव्यात तर प्रमाण २६.४ टक्के. आमच्या गौरीच्या पंगतीला मोठी माणसं म्हणून जेवढी बसतात, त्यात या हिशेबानं वेगळी वाटी एकाची नसतेच. आपल्याला काही झालंय हे ज्यांना अजून ठाऊक नाही तेही त्याच रांगेत बसलेले असतात, आणि त्यांच्या पानावर आपण आग्रहानं वाढत असतो.

गौरी येतात अनुराधा नक्षत्रावर, जेवतात ज्येष्ठा नक्षत्रावर आणि जातात मूळ नक्षत्रावर. आल्या दिवशी त्यांना भाजी-भाकरी. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी. कटाची आमटी, भजी, खीर, पापड-कुरडया, आणि ज्यांच्याकडं रीत आहे त्यांच्या घरी सोळा भाज्या. मला या जेवणाची थोरवी वाटते ती त्या भाज्यांपाशी. घरातली सगळी उठाठेव पोळीभोवती होते, पण ताटात निम्मी जागा भाज्या, कोशिंबिरी आणि डाळी यांनी धरलेली असते. ज्या माणसाला साखर सांभाळायची आहे त्याच्या उपयोगाचं जेवढं लागतं तेवढं या नैवेद्यात आधीपासूनच आहे. फक्त आपण त्याला तोंडी लावणं म्हणतो आणि एकदाच वाढतो.

पुरणाविषयी मात्र सावकाश बोलायला हवं, कारण सगळी कला तिथं आहे. आमच्याकडचं माप म्हणजे डाळीला डाळीएवढा गूळ, हौशी घरात त्याहून चढता. मी तो एकदम कमी केला नाही. गोडी अचानक उतरली की घर बंड करतं; सणागणिक थोडी थोडी उतरली की जीभ तिच्याबरोबर उतरते आणि तिला ते जाणवतही नाही. असं करत गूळ निम्म्यावर आला. आता बाहेर कुठं पूर्ण गुळाची पोळी खाल्ली तर आमच्या पोरांनाच ती घशाला बसते.

पण गूळ नुसती गोडी देत नाही. तो वितळतो, डाळीला धरून ठेवतो, पुरणाला मऊपणा आणि चकाकी देतो. तो निम्मा झाला की पुरण कोरडं पडतं आणि पोळी लाटताना कडेला फुटतं. त्यावर उपाय असा की कट काढल्यावर डाळ अगदी खडखडीत निथळायची नाही, थोडी ओल राहू द्यायची. पुरण नेहमीइतकं चुलीवर आटवायचं नाही. नेहमीच्या पुरणाला उलथनं उभं राहिलं की झालं असं आपण म्हणतो. कमी गुळाचं पुरण त्याच्या जरा आधीच उतरवायचं, कारण गार होताना ते आणखी आवळतं. गरम असतानाच पुरणयंत्रातून काढायचं. दोन चमचे तूप पुरणातच घालायचं. चिमूटभर मीठ हवंच; मिठानं उरलेली गोडी पुढं येते. जायफळ मात्र हात सैल सोडून आणि ऐन वेळी किसून, कारण त्याचा वास आचेवर उडतो. वेलदोडा आणि जायफळ यांच्या वासाशी आपल्या मनात गोडाची इतक्या जन्माची गाठ आहे की नाकाला वास लागला की जीभ कमी गोडालाही पुरेसं गोड म्हणते. हे मी पंगतीच्या पंगती बघून सांगते आहे.

हरभऱ्याच्या डाळीनं हे सगळं सोपं केलं आहे. ती रक्तात साखर फार हळू सोडते, डाळींमध्येसुद्धा ती हळूच. म्हणून पारी पातळ आणि पुरण भरपूर, ही आपल्या जुन्या सुगरणींची कसोटी मधुमेहाच्याही बाजूची आहे. जाड पारीची, पिठूळ पोळी दोन्हीकडून वाईट. आणि पोळी तव्याएवढी कशाला हवी? मी तळहाताएवढ्या करते. तरीही ही पोळी म्हणजे पथ्याचं खाणं असा गैरसमज कुणाचा होऊ नये. पीठ, डाळ आणि गूळ मिळून अशा लहान पोळीतही चाळीसेक ग्रॅम कर्बोदकं सहज होतात. भाताच्या एका भरल्या वाटीत साधारण तेवढीच. म्हणून ज्याला पोळी खायची आहे त्यानं त्या दिवशी भात सोडावा. हा सौदा मी आत्यांना सांगितला तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, "भात काय, रोजच हाय की."

गुळवणी मी सरळ बंद केली. पुरणपोळीवर गुळाचं पाणी, म्हणजे गोडावर गोड, आणि ते पातळ असल्यामुळं रक्तात सगळ्यात वेगानं जाणारं. तिच्या जागी गरम फिकं दूध ठेवलं, आणि तूप. तूप साखरेची चाल थोडी मंद करतं; त्याचा हिशेब वजनात आणि कोलेस्टेरॉलमध्ये वेगळा मांडायचा, पण एक चमचा तुपानं कुणाचं बिघडत नाही.

कमी गुळाच्या पोळीची एक खरी अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. ती टिकत नाही. गूळ पाण्याला बांधून ठेवतो, म्हणून पूर्ण गुळाची पोळी भाद्रपदाच्या दमट हवेतही दोन-तीन दिवस राहते. निम्म्या गुळाचं पुरण दुसऱ्या दिवशीच आंबूस वासाला लागतं. आमच्याकडं माहेरवाशिणींना जाताना पोळ्यांची शिदोरी बांधून द्यायची पद्धत. आता पुरण फ्रीजमध्ये ठेवतो आणि निघायच्या दिवशी सकाळी उठून ताज्या पोळ्या करतो. काम वाढलं, हे खरं. ते दोघी जावा मिळून उरकतो.

खिरीचं काम त्या मानानं सोपं. आमच्या आणि सांगलीच्या भागात खपली गव्हाची खीर करतात. कांडलेला, सालं काढलेला गहू रात्रभर भिजवायचा आणि सकाळी फुटेपर्यंत शिजवायचा. दाणे चावून खावे लागतात, घाई करता येत नाही. त्यात ओलं खोबरं, खसखस आणि बडीशेप असली की गूळ थोडकाच पुरतो.

बासुंदीचा प्रश्न वेगळा, आणि तिथं पुष्कळांची फसगत होते. "साखर घातलेलीच नाही, घ्या," म्हणून वाटीभर बासुंदी पुढं येते. दुधात स्वतःची साखर असते, लॅक्टोज; लिटरला साधारण ४५ ते ५० ग्रॅम. दूध आटतं, ती आटत नाही. दोन लिटर दूध आटवून अर्धा लिटर केलं तर त्या अर्ध्या लिटरात जवळजवळ शंभर ग्रॅम लॅक्टोज एकवटलेलं असतं, म्हणजे लहानशा वाटीत १८-२० ग्रॅम, एक दाणाही साखर न घालता. गंमत ही की त्यामुळंच बिनसाखरेची बासुंदी खरोखर गोड लागते. मंद आचेवर, कडेची साय पुन्हा पुन्हा आत लोटत आटवली की तिला एक खरपूस, खव्याची गोडी येते, आणि त्यावर केशर-चारोळी असली की आणखी काही नको. मी ती आता तशीच करते. पण वाढते मोठ्या चमच्यानं दोन चमचे, आणि त्यात काय आहे हे सांगून.

श्रीखंड आम्ही गौरीला करत नाही, दसऱ्याला करतो. पण इथं त्याची आठवण येते, कारण ते बासुंदीच्या अगदी उलट आहे. चक्का टांगला की पाण्याबरोबर लॅक्टोजही बरंचसं निघून जातं आणि मागं प्रथिनं आणि स्निग्धांश राहतात. मधुमेहाला इतका सोयीचा पाया दुसऱ्या कुठल्या पक्वान्नाला नाही. अवघड जातं ते पुढं. साखर पडली की चक्का सैल होतो, त्याला ती रेशमी चमक येते. साखर अगदी कमी केली तर तो घट्ट आणि आंबट राहतो. म्हणून दही अजिबात आंबलेलं नको, आदल्या रात्री लावलेलं कोवळं हवं. चक्का दोनदा चाळायचा, थोडी साय फेटून घालायची, आणि वेलदोडा-जायफळ जास्त. गोडी कमी पडतेच. तिथं गोळीवाल्या गोडाचा मोह होतो.

या कृत्रिम गोडांविषयी आमच्या नात्यात दोन तट आहेत. एक म्हणतो विष, दुसरा म्हणतो वरदान. मला दोन्ही पटत नाहीत. सॅकरीन १८७९ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत हाती लागलं. तेव्हापासून माणूस साखरेशिवाय गोडी शोधतो आहे. सुक्रालोज साखरेच्या सुमारे ६०० पट गोड, स्टेव्हियाच्या पानांचा अर्क २०० ते ३०० पट. इतकं गोड असल्यावर ते चिमूटभरच पडणार, आणि चिमटीभर पूड वाटीभर गुळाची जागा कशी भरणार? पुरणात ती गोडी देते, अंग देत नाही. स्टेव्हियाचा मागाहून एक कडवट घोट येतो, तो जायफळानंही झाकत नाही. ॲस्पार्टेम आचेवर मोडतं, म्हणून शिजत्या पदार्थात निरुपयोगी. एरिथ्रिटॉल वजनानं साखरेच्या जवळ जातं, पण जिभेला थंड लागतं आणि गार झाल्यावर पुन्हा खडे धरतं. माल्टिटॉलनं पोट बिघडतं, आणि ते रक्तातली साखर थोडीफार चढवतंही. जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२३ मध्ये सांगितलं की वजन काबूत ठेवण्यासाठी अशा गोडांवर भिस्त ठेवू नका. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ही सूचना लागू नाही, हेही तिथंच म्हटलं आहे. श्रीखंडात, गार बासुंदीत चिमूटभर चालतं. पुरणात नाही. आणि घरातल्या लहान मुलांना मी ते देत नाही, म्हणून सगळ्यांच्या पातेल्यात ते न घालताच भागवायचं, हाच माझा नेम.

जेवणाचा क्रमही मी बदलला, आणि हे करायला एक पैसाही लागला नाही. २०१५ साली न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी टाइप टू मधुमेह असलेल्या ११ जणांना तेच जेवण दोन तऱ्हांनी दिलं. एकदा पाव आणि संत्र्याचा रस आधी. एकदा भाज्या आणि कोंबडी आधी, पाव आणि रस मागून. दुसऱ्या तऱ्हेत जेवणानंतरची साखर बरीच कमी चढली. अभ्यास लहान होता, पण मग आमच्या पंगतीकडं मी नव्यानं पाहिलं. आमच्याकडं पहिला घास पोळीचा. आता आम्ही आधी कोशिंबीर, भाज्या, मोड आलेल्या मटकीची उसळ आणि वाटीभर कटाची आमटी वाढतो, आणि त्या निम्म्या संपल्यावर पोळ्या बाहेर येतात. कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. पोळ्या तव्यावरून गरम येताहेत, एवढंच लोकांना दिसतं.

सणाच्या दिवशी मधुमेहाच्या माणसाला खरा धोका गोडाचा नसतो, उशिराचा असतो. हे फार कमी घरांत बोललं जातं. पूजा लांबते, नैवेद्याला एक भाजी राहिलेली असते, आरतीला कुणीतरी यायचं असतं, आणि पहिली पंगत अडीचला बसते. इकडं आत्यांनी सकाळचं इन्सुलिन घेतलेलं असतं. साखर वाढवणारं काही पोटात नाही आणि औषध आपलं काम करतच राहतं. एका वर्षी आरती चालू असताना त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, आणि त्या कधी नव्हे त्या पोरांवर खेकसल्या. धाकट्या जावेनं ओळखलं. साखर ७० च्या खाली गेली की अशी लक्षणं दिसतात. तिनं तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून त्यांना पाजली आणि पंधरा मिनिटांनी बोट टोचून पुन्हा मोजली. त्या वेळी साखर हेच औषध होतं. बिनसाखरेचा कुठलाही गोड पदार्थ तिथं काही कामाचा नव्हता. म्हणून सणाच्या स्वयंपाकघरात साखरेचा डबा हाताशी असायलाच हवा, असं मी आवर्जून सांगते. तेव्हापासून नैवेद्याचं ताट कितीही वाजता निघो, इन्सुलिन घेणाऱ्यांचं आणि गोळ्यांवर असलेल्या म्हाताऱ्या माणसांचं जेवण ठरल्या वेळी होतं. देवाच्या आधी कसं जेवायचं, म्हणून आत्या सुरुवातीला संकोचल्या. मग त्यांची त्यांनीच वाट काढली. ताटातला पहिला घास काढून गौरीपुढं ठेवतात आणि जेवायला बसतात.

आता आग्रह. आमच्या भागात आग्रह म्हणजे माया. "घ्या की वो, एका पोळीनं काय हुतंय?" यात लबाडी नसते, खरी आपुलकी असते. पण ज्याला शुगर आहे त्याला नाही म्हणण्यासाठी चारचौघांत आपला आजार उघड करावा लागतो, आणि तो उघड केला की पंगत सल्ले द्यायला लागते: कारल्याचा रस घ्या, मेथ्या भिजवून खा, जांभळाच्या बियांची पूड घ्या. त्याचं जेवण तिथंच संपतं. आम्ही पोळ्या अर्ध्या करूनच वाढायला लागलो. सगळ्यांना अर्धीच. हवी असेल त्यानं दुसरी अर्धी घ्यावी, कुणी बघत नाही. पंगतीत मधोमध बारीक चिरलेल्या गुळाची आणि तुपाची भांडी असतात. ज्याला जास्त गोड लागतं तो वरून घेतो. आग्रह भाज्यांना करायचा. भोपळ्याच्या भाजीला आग्रह केल्यावर माणसं आधी चकित होतात आणि मग खरंच पुन्हा घेतात.

या सगळ्याला घरातून एकच विरोध झाला, आणि तो विचार करायला लावणारा होता. आमच्या चुलतसासूबाईंचं म्हणणं असं की माणसांना काय द्यायचं ते द्या, पण गौरीच्या ताटातली पोळी पूर्ण गुळाची हवी. देवीच्या नैवेद्यात काटकसर नको. त्यांच्या बोलण्यात हट्ट नव्हता, भक्ती होती. मला उत्तर देता येईना. आणि दोन पुरणं केली तर वेगळी वाटी पुन्हा आलीच, या वेळी देवीसाठी. तेव्हा पाटावर बसून लसूण सोलत असलेल्या आत्या म्हणाल्या, "वहिनी, गौर माहेराला आलीया. माहेरात लेकीला काय सोसतंय ते बघूनच रांधत्यात की." आत्या स्वतः सत्तरी ओलांडलेल्या, त्या घरची लेक, दरवर्षी गौरीबरोबरच येणाऱ्या. चुलतसासूबाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी स्वतःच डाळ मोजायला घेतली आणि मला विचारलं, "गूळ किती म्हणालीस?"

दिवाळीचं मात्र अजून पुरतं सुटलेलं नाही. पाकातल्या लाडवांत आणि अनारशांत साखर-गूळ हेच पदार्थाचं अंग असतं. एकतारी पाकाला पर्याय नाही. तार धरते ती साखर. अनारशाचं पीठ गुळातच मुरतं, आणि त्याला जाळी पडते ती त्या मुरण्यामुळंच. तिथं काटछाट केली तर अनारसा कडक होतो. ज्यांना धक्का लावता येत नाही ते पदार्थ तसेच करायचे, पण लिंबाएवढे आणि मोजके, अशा मताला आम्ही दोघी जावा आलो आहोत. करंज्यांना वाव आहे. सारणात सुकं खोबरं आणि भाजलेली खसखस वाढवली तर पिठीसाखर बरीच खाली येते, आणि खोबरं मंद आचेवर गुलाबी भाजलं तर त्याचीच गोडी पुढं येते. यंदा धाकटी जाऊ म्हणते आहे की सारणात भाजलेल्या डाळ्याचं पीठही थोडं घालून बघू, म्हणजे ते बांधून राहील. वसुबारसेच्या आधी थोड्याच करंज्या तळून बघायच्या, आणि पहिल्यांदा आत्यांना खायला द्यायच्या, जेवणानंतर दोन तासांनी त्यांची साखर मोजायची, असं ठरलं आहे.